उजव्या हाताचा अंगठा

भक्तपूरला, हनुमंते नदीच्या अलीकडे,
पत्र्याच्या शेडमध्ये चौतीस माणसं
जमिनीला पाठ टेकायला तयार नाहीत.
निजा म्हटलं की बसतात,
बसा म्हटलं की दाराकडे बघतात.
मी लानीमाया, आरोग्य चौकीतली.
तीन आठवड्यांचं शिक्षण आणि एक वही.
वहीत योगनिद्रेच्या सुरुवातीलाच लिहिलंय:
तुमच्या खालची जमीन तुम्हाला सांभाळते आहे.
ती ओळ मी रोज गाळते.

थेट इथून सुरू करते:
उजव्या हाताचा अंगठा.
तर्जनी. मधलं बोट. अनामिका. करंगळी.
तळवा. मनगट.
हलवायचं काही नाही, नुसतं तिथे जाऊन यायचं,
आजारी शेजाऱ्याच्या दारातून डोकावून यावं तसं.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातून आवाज आला,
"आणि नसला तर?"

बिकुलाल प्रजापती, कुंभार.
त्याचा उजवा हात, कोपरापासून खाली,
चुलत्याच्या घराच्या विटांत राहिला.
वहीत याला उत्तर नव्हतं.
मी म्हटलं, तुम्ही डावीकडून सुरू करा.
तो म्हणाला, "डावा नुसता धरतो.
माती उजव्याला कळते."

तेजरत्न कर्माचार्य दाराशी बसायचे.
झोप येत नाही हे कबूल न करता
रोज "जरा ऐकायला" यायचे.
त्या दिवशी हसले.
"पोरी, हा तर न्यास.
वडील पहाटे करायचे, मी दिवा धरायचो.
अंगुष्ठाभ्यां नमः, तर्जनीभ्यां नमः,
पाची बोटं झाली की हृदय, डोकं, शेंडी,
खांदे, डोळे.
वाट तीच. फक्त तू नाव घेतेस आणि पुढे निघून जातेस.
घर झाडून ठेवतेस,
बसवत कुणालाच नाहीस."

मला राग आला.
म्हटलं, बसवलेले देव होते की देवळांत.
शनिवारी भरदुपारी
कळसासकट खाली आले.

ते बराच वेळ चटईची काडी सोलत राहिले.
"आले खरे. म्हणून तर अंगावर बसवायचे.
अंगाला पळता येतं."

मग गुडघ्यावर हात रोवून उठले,
बिकुलालशेजारी जाऊन बसले,
त्याचा डावा हात उचलला
आणि थोटकाच्या पुढे, हवेत,
जिथे अंगठा असायचा तिथे नेऊन ठेवला.
अंगुष्ठाभ्यां नमः.
पुढची चारही बोटं तशीच, हवेतली.
तळवा. मनगट.
"शास्त्रात याला आधार आहे का, ठाऊक नाही," म्हणाले,
"वडील असते तर विचारलं असतं."

बिकुलाल म्हणाला, "खाजतंय."
"कुठे?"
"करंगळीत."
कोणीतरी खुदकन हसलं. कोणीतरी रडलं असावं,
पत्र्यावर कावळे होते, नीट कळलं नाही.

शेवटी अस्त्राय फट् असतं,
डोक्याभोवती हात फिरवून जोरात टाळी.
तेजरत्नांनी हात उचलला
आणि चौतीस मानांकडे पाहिलं,
आवाज झाला तर पळायच्या बेतात असलेल्या.
दोन बोटं तळव्यावर टेकवली नुसती,
झोपलेल्या लेकराची माशी हाकलावी तशी.
फट्, ओठातल्या ओठात.

आता मीही अंगठ्यापाशी एक श्वास थांबते.
कुणाला बसवते का, मला विचारू नका.
नमः म्हणायला जीभ अजून लाजते.

काल मनगटापर्यंत आले
आणि कोपऱ्यातून घोरणं ऐकू आलं.
वहीत लिहिलंय: झोपू देऊ नका, जागं ठेवा.
मी हळूच डाव्या हाताकडे वळले.
जीव भांड्यात पडला.
भांडं कच्चं होतं, पण पडला.

जाताना बिकुलाल दारात थांबला,
चप्पल पायाने शोधत, कुरकुरत:
"माती फार पातळ कालवली होती आज.
बोटांना धरवतच नव्हती."