राळ

गावी दशावतारात मशालीवर
मूठभर राळ फेकली की भप्पकन जाळ उठायचा
आणि त्यातनं संकासूर बाहेर यायचा.
आम्ही पोरं किंचाळायचो. खोकायचं कुणी नाही.

मरोळच्या गाळ्यात तीच राळ
तारेच्या पोटात भरलेली असते,
हे मला एकोणीस वर्षांनी कळलं,
म्युनिसिपालिटीच्या डॉक्टरीणबाईंनी
कागदावर लिहून दाखवलं तेव्हा.
तोवर मी तिला नुसता वास म्हणायचे.

दिवसाला आठशे डाख.
तार टेकवायची, धूर नाकाखालून जातो,
पाटी पुढे सरकते.
शेजारी नसीम शिंकायची, मी ढासायचे.
सुपरवायझर म्हणायचा,
बायांनो, भजन बसवताय काय?

रविवारी बरं वाटायचं.
सोमवारी दुपारनंतर छातीत कुणीतरी
ओलं गोणपाट पिळायला घ्यायचं.
हा रविवार-सोमवारच तुमचा पुरावा,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
नि फुंकायची नळी दिली, एक वही दिली.
दिवसातून चारदा फुंकायचं, काटा बघायचा, लिहायचं.
दिवाळीच्या सुट्टीत चारशे दहा.
कामावर दोनशे चाळीस.
त्या वहीइतकं खरं मी जन्मात काही लिहिलेलं नाही.

मग हात.
पाट्या पुसायच्या पाण्यानं आधी खाज, मग भेगा,
मग बोटांची टोकं गुळगुळीत,
आमसुलं चोळल्यासारखी लाल.
मासळीला मीठ लावायचं काम मुलाकडे गेलं.
एका सकाळी गेटावरचं यंत्र मला ओळखेना.
अंगठा पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवा.
वॉचमन रामसजीवन भला माणूस,
वहीत नाव लिहून आत सोडायचा.
ती वही पुढे कुणाला सापडली नाही.

वांद्र्याला, भरपाईच्या दाव्यात,
कंपनीचे वकील म्हणाले,
शेवटचे सात महिने बाई कामावर होत्याच कुठे?
यंत्रात हजेरी नाही.
आणि दमा मुंबईत कुणाला नसतो?
धूळ आहे, कबुतरं आहेत,
बाईंच्या घरी उदबत्तीसुद्धा लागते.
उगाच कंपनीवर राळ उडवायची.

खरंच म्हणाले. राळ.
मला हसू आलं. हसताना ढास लागली ती थांबेना.
साहेबांनी पाणी द्यायला सांगितलं.
टाइप करणाऱ्यानं तेवढा वेळ
बोटं कळांवर तशीच धरून ठेवली,
ढास काही कागदावर आली नाही.

आमच्या डिक्रूझबाईंनी माझी वही पुढे सरकवली.
पानं मोजली गेली. तारखा उलटसुलट विचारल्या.
चौदा महिन्यांनी निकाल:
कमाईची कुवत वीस टक्के गेली.
जिन्यात दुसऱ्या मजल्यावर बसून
मी हिशेब करत होते,
वीस टक्के म्हणजे कुठले?
दोन बोटं? की इथून वरचा मजला?

बँकेत पोरगी गोड होती.
म्हणाली, खोबरेकरकाकू, पैसे आलेत,
फक्त इथे अंगठा ठेवा.
मी म्हटलं, सही करते. येते मला सही.
ती म्हणाली, सही चालत नाही हो आता.
यंत्राचा लाल दिवा लागला. मी दुसरं बोट ठेवलं.
मग तिसरं.
मागच्या माणसानं घड्याळ पाहिलं.

नसीम अजून त्याच बाकावर बसते.
नळी आणि नवी वही मीच नेऊन दिली तिला,
जुनी कोर्टातून परत मिळालेली नाही.
काल रात्री फोन आला,
म्हणाली, तीनशे दहा.
मी विचारलं, कालचा की आजचा?
पलीकडे ती दम घेत होती.