आठ रकाने

सर्जेकोटच्या जेटीवर, बर्फाच्या गाळ्याला चिकटून
माझं दुकान. आत वायरलेस, जीपीएस, मिठानं खाल्लेले बोर्ड.
शेवंतीकाकींनी टेबलावर पिशवी ठेवली,
पिशवीत बांगड्यांचा वास आणि मासे शोधायचं यंत्र.
मोतीराम कोयंडे गेले त्याला चार महिने झाले,
दर्यात नाही, ओरोसच्या दवाखान्यात, खाटेवर.
त्यांच्या दोनशे चौदा जागा ह्या डब्यात:
कुठं सरंगा, कुठं खडप, कुठं जाळं फाटतं.
डबा आठ अक्षरं मागतो.
तीनदा चुकलं की सगळं पुसतो.
दोनदा त्यांच्या जावयानं करून पाहिलंय.

कंपनी केव्हाच बुडाली.
मी चिप सोडवली, आतलं सगळं लॅपटॉपवर उतरवलं,
उलटं वाचत गेलो, तसा पडद्यावर आलेख उभा राहिला:
चौकोनाखाली चौकोन, काहींना एकच बाण,
काहींना दोन. हो, आणि नाही.

ह्या प्लगइनमध्ये टंकायचं फारसं काही नसतं.
'उघड' म्हणणाऱ्या चौकोनावर उजवी क्लिक:
इथं पोचायचंय. तो हिरवा.
'पूस' म्हणणाऱ्यावर: इथं जायचं नाही. तो लाल.
मग आठ रकाने, आणि त्यांत अक्षर भरायचं नाही.
भरायचं इतकंच, की असेल काहीतरी.

शिकताना हे मला पचत नव्हतं.
असेल काहीतरी, एवढ्या शिदोरीवर प्रोग्रॅम निघतो,
फाटा आला की निवडत नाही, दोन्हीकडे जातो,
आणि प्रत्येक वाटेवर टिपून ठेवतो:
इथवर आलो, म्हणजे तिसरं अक्षर पाचव्याहून मोठं.

पहिल्या रात्री वाटा फुटत गेल्या.
चार. चाळीस. नऊ हजार.
एका घिरटीत सापडून मेमरी भरली, पंखा किंचाळला,
शेजारच्या बर्फयंत्रानं वीज ओढली आणि गेलं सगळं.
दुसऱ्या रात्री ती घिरटी मी हातानं सोडवली,
तिच्या जागी दोन ओळी घातल्या:
हिचा हिशोब एवढाच, पुढं चल.
पहाटे ट्रॉलर लागत होते, लिलावाची आरडाओरड,
आणि तळाचा एक चौकोन हिरवा पेटला.

उत्तर आलं: उलटा कंस, टिंब, सात, मोठा क्यू,
पुन्हा टिंब, आणखी तीन असलीच चिन्हं.
घातलं. उघडलं.

जावई वहीत जागा उतरवून घेऊ लागला.
काकी पडद्याकडे बघत होत्या.
"ह्यां त्येंनी घातलेला?"
नाही, म्हटलं. हे नुसतं कुलपाला बसणारं.
ह्या कुलपाला लाखो किल्ल्या बसतात,
यंत्र पहिली सापडेल ती देतं.
"मगे त्येंचो शबुद खयचो?"
तो डब्यात नाहीच, काकी.
डब्यात फक्त त्याची बेरीज आहे.

त्या उठल्या नाहीत.
"होडयेचा नाव घालून बघ."
रकान्यांत आता अट घातली. अर्धा सेकंद. बसत नाही.
"चेडवाचा." बसत नाही.
"रवळनाथाचा." बसत नाही.
जावई हसला, म्हणाला, जागा मिळाल्या ना,
शब्द घेऊन काय करायचंय?

काकींनी पिशवीची घडी केली, पुन्हा मोडली.
आणखी एक नाव होतं.
त्यांनी ते सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही,
त्या गेल्यावर टेबलाखाली बोटांवर मोजलं:
इंग्रजीत लिहिलं तर बरोबर आठ.

बसलं तरी बेरीजच जुळेल, शपथ नाही घेता येणार.
नाही बसलं तर मात्र नक्की कळेल.
बाहेर बर्फाची गाडी मागं घेत होते, येऊ दे, येऊ दे.
मी खिडकी बंद करायला गेलो,
प्लगइननं विचारलं, बदल जतन करायचे का.
आठ रकाने समोर होते, रिकामे,
कर्सर पहिल्यात.