श्रावणानंतर

श्रावण सरला. पोळा झाला, गणपतीही गेले,
आणि मी परत सुरू केलंच नाही.

रविवारी पंचवटीतून निघालो भाजीला,
पाय आपसूक पूल ओलांडून भद्रकालीत.
मुनीरभाईंनी सुरी पुसली, "मांडीचं ना? नळी घालून?"
नको, म्हणालो.
"डॉक्टर?"
नाही.
"माळ घातली?"
नाही हो.
मग त्यांनी विचारणं सोडलं,
स्टूल पुढे सरकवलं, दोन चहा सांगितले.
बावीस वर्षांत पहिल्यांदाच
मी तिथे नुसता बसलो.

घरी कुंदाने तोच मसाला भाजला,
तसाच कांदा जाळावर काळा केला,
तेच सुकं खोबरं, तवंगही तोच.
आत शेवगा.
"चव चुकली तर माझ्यावर येऊ नका."

खोटं कशाला सांगू,
पहिल्या घासाला जीभ
कुणाला तरी शोधून आली.
शेंग दातांनी ओढली
आणि हाताने ती ताटावर आपटली,
नळी आपटावी तशी.
कुंदा हसली. मी नाही.

चोथा कागदात गुंडाळून जिन्याखाली नेला.
लंगड्या कुत्रीने हुंगला,
मान वर केली,
बघत राहिली.

तिलाही कारण हवं होतं.