नमुना

मकरपुऱ्याच्या वसाहतीत एक बिनखिडकीची खोली आहे.
बारा तास उजेड, बारा तास अंधार,
आणि भुशाचा असा वास
जो दांडिया बाजारात घरी पोचेपर्यंत वेणीत राहतो.

काळे उंदीर, कानांना खाचा पाडलेले.
पिण्याच्या पाण्यात तीन टक्के पांढरी भुकटी, सात दिवस.
एवढंच करायचं असतं.
आपण कुणाला दुखवतोय असं वाटतही नाही.
बाटली उलटी लावायची,
नळीच्या टोकाला एक टिचकी मारून बघायची.

तिसऱ्या दिवसापासून मी रजिस्टर उघडते.
वजन.
विष्ठा : घट्ट, सैल की पाण्यासारखी.
रक्त : कागदी पट्टी निळी झाली का.
शून्य ते चार गुण, शाळेच्या उलटे,
जास्त मिळाले की नापास.

जशुभाई बारिया पिंजरे पुसता पुसता म्हणतात,
"बेन, आ चौद नंबरनो सारो नथी."
त्यांना आकड्यांच्या आधी कळतं.
पाठीची कमान होते, केस पिंजारतात,
आणि तो कोपऱ्यात जाऊन
कुणालाही न दिसण्याचा सराव करतो.

तीच पाठ मार्चमध्ये मी आमच्या स्वयंपाकघरात पाहिली.
व्यंकटराव पागे, माझे सासरे,
प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातले निवृत्त फोरमन,
ज्यांच्या ताठ चालण्याची गल्लीतली पोरं नक्कल करायची,
चहाच्या कपावर वाकून बसलेले.

मग एकेक दिसायला लागलं.
रविवारची सेवउसळ त्यांनी दातांचं कारण सांगून सोडली.
मांडवीला जायचं तर सरळ रस्ता टाकून वळसा,
कारण वळशावर पालिकेचं शौचालय आहे.
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक.
पहाटेच्या आधी मोरीत स्वतः धुतलेले पायजमे,
दोरीवर सगळ्यात मागे, टॉवेलच्या आड.
रात्री दोनला बादली वाजायची,
साडेतीनला,
पुन्हा चारला.

आमच्या घरात शी हा शब्द फक्त नातवापुरता आहे.
मी काय विचारणार होते?
दूधवाल्याच्या कॅलेंडरच्या पाठीमागे
तारखा लिहीत गेले, आणि तारखेपुढे आकडे.
उंदरांसाठी समितीची परवानगी लागते :
किती जनावरं, कशासाठी,
दुसरा काही मार्ग नव्हता का.
मामंजींसाठी मी कुणाचीही सही घेतली नाही.

चक्कर येऊन जिन्यात बसले तेव्हा कुठे दवाखाना.
अलकापुरीतल्या डॉक्टरांनी तेच तीन प्रश्न विचारले,
त्याच क्रमानं.
मामंजी पंख्याकडे बघत राहिले.
पंखा बंद होता.
मग मीच म्हणाले, दिवसातून नऊ वेळा.
रक्त, सात आठवड्यांपासून.
वजन, सहा किलो कमी.
डॉक्टर लिहीत होते.
मामंजी माझ्याकडे पाहत होते,
घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तसे.

रिक्षात बोलले नाहीत.
न्यायमंदिरापाशी गाय आडवी आली, रिक्षा थांबली,
तेव्हा समोर बघतच म्हणाले,
"काय नमुना सून मिळालीय."
आणि हसले, पोट धरून, कारण हसलं तरी दुखत होतं.

आता गोळ्या आहेत, मऊ भात आहे,
कॅलेंडरच्या पाठीवर आकडे तेच लिहितात,
फोरमनच्या टपोऱ्या अक्षरात, दोन रेघा मारून बेरीज.
काल भात कालवता कालवता विचारलं,
"तुझ्या त्या उंदरांचं पुढे काय होतं गं?"

मला चौदा नंबर आठवला.
आठ सेंटिमीटरचं आतडं साडेपाच झालेलं,
ओल्या टिपकागदावर, स्टीलच्या पट्टीशेजारी,
आणि जशुभाईंनी वळवलेलं तोंड.

म्हटलं, सातव्या दिवशी साधं पाणी देतो,
मग सुधारतात.

खोटं नव्हतं ते.
साधं पाणी मिळालं की दोन-तीन दिवसांत
केस पुन्हा चकचकीत होतात, वजन चढायला लागतं.
त्यांनी मान हलवली, आणखी थोडा भात घेतला.

पुढचं मी पोटात ठेवलं.