दाराचा आवाज

जहाजातून उतरून ती आमच्या आवारात येते तेव्हा
तिच्या अंगावर पांढरी फिल्म असते.
ती सोलणं हे माझं काम.
आधी बॉनेट, मग छत, मग चारही दारं.
ऊन कडक असलं की सलग निघते,
साय निघावी तशी.

नाव मात्र तिकडूनच लावून आलेलं.
मागच्या झाकणावर, ठळक, आमचंच.
एलिझाबेथच्या शाळेत आम्ही पोरं
स्वतःच्या नावाआधी जे वाचायला शिकलो, ते.
फक्त काचेच्या कोपऱ्यात, नखाएवढी,
दुसऱ्याच कुणाची वीज कोरलेली राहून गेलीय.
मी एकदा घासून पाहिली.
जात नाही.

माझा बाप, एम्रिस,
एकतीस वर्षं डाव्या बाजूची पुढची दारं बसवत होता.
म्हणजे शेजारी बसणाऱ्याची बाजू.
"चालवणारा आपल्या तंद्रीत असतो," म्हणायचा,
"दार कसं लागतं ते शेजारच्याला कळतं."
फटीत दोन बोटं फिरवून अंतर सांगायचा,
मोजपट्टी नंतर यायची आणि त्याचंच म्हणायची.
कारखाना बंद झाला त्या दिवशी गेटवर सॉसेज भाजले,
प्रत्येकाला एकेक टोपी दिली.
रात्री जेवतानाही त्यानं ती काढली नाही.
आईनं वाढलं आणि काही बोलली नाही.

आमची जुनी गाडी त्यानंतरही चालली.
यंदा जानेवारीत, गॉलरच्या अलीकडे,
त्रेचाळीस अंशांत तिचा रेडिएटर फुटला
आणि आई दोन तास निलगिरीच्या फाटक्या सावलीत उभी राहिली.
घरी येऊन पाणी प्यायली, पेला खाली ठेवला.
"पुरे आता, एम्रिस."

शनिवारी दोघं आली.
बापानं इंजिन उघडून पाहिलं नाही, किंमत विचारली नाही.
गुडघे टेकले, गाडीखाली वाकून बघितलं.
"ही पुढून ओढते," म्हणाला.
"आपली मागून ढकलायची."

मला एकदम पोर्ट वेकफील्डचा रस्ता आठवला,
मागे बांधलेला कॅरव्हॅन, मागच्या सीटवर मळमळणारा मी,
आणि चढावर सीटखालून येणारा तो जोर,
कुणी पाठीवर हात ठेवून
"हं, चल" म्हणावं तसा.
त्याला डिफरन्शियल म्हणतात हे फार नंतर कळलं.

मग तो डाव्या दारापाशी गेला.
फटीत दोन बोटं घातली, वरपासून खालपर्यंत नेली.
दार उघडलं. लावलं.
उघडलं. लावलं.
सेल्समन हसत उभा होता, त्याला वाटलं म्हातारा खेळतोय.
आणि मी मनात म्हणत होतो, खडखड कर,
एकदा तरी कर, पत्र्याच्या डब्यासारखी वाज,
म्हणजे आम्हाला तुला नावं ठेवता येतील.

दार लागलं.
घरात बाळ झोपलंय हे ठाऊक असणाऱ्या माणसानं
लावावं तसं.

"चांगलं बसवलंय," बाप म्हणाला.
बराच वेळ हात हँडलवरच होता.
"कुणीतरी नीट बसवलंय."
मग माझ्याकडे वळून,
"त्याचा कारखाना चालू आहे ना रे अजून?"

मला काय माहीत. मी फिल्म सोलतो.
"आहे," म्हणालो.
तो म्हणाला, "बरं."

कागदांवर सही आईनं केली.
ती डावीकडे बसली, दार त्यानं बाहेरून लावलं,
आणि गाडी फाटकातून वळून गेली,
आईचा हात खिडकीतून हलत होता, त्याचा नाही.

जुनी आवाराच्या टोकाला उभी होती,
भंगारवाला सोमवारी येणार होता.
डॅशबोर्डवर उन्हानं विटलेली टोपी.
ते गेल्यावर मी तिचं डावं दार लावून पाहिलं.
दोनदा.