नमुना सतरा

तांबट आळीत आमच्या घरी
धातू म्हणजे आवाज.
दादा घंगाळ ठोकत, मी भिंतीला टेकून पाढे म्हणे
आणि सतराचा पाढा पाठीतून वाजत राही.
पत्रा कितीही पातळ झाला
तरी पलीकडचं काही दिसत नसे.

आता गंगापूर रोडवरच्या प्रयोगशाळेत
मी चांदी इतकी बारीक करते
की तिला चांदीचा रंगही उरत नाही.
दुसाने काकांकडून आणलेला अर्धा ग्रॅम
– एवढ्याची तर नथीची तारही होत नाही, पोरी –
तेजाबात विरला
आणि बाटलीत परत आला तो पिवळा होऊन,
लिंबाच्या सरबतासारखा.

दादांनी बाटली उन्हात धरली.
यात चांदी कुठाय?
सगळी चांदीच आहे, म्हटलं.
त्यांनी ती कानाशी नेऊन हलवली,
तळाशी काही वाजतंय का ते ऐकत.

मग काचेवर तिची जाळी काढली,
डोळ्याला न दिसणारी.
जाळीतून समोरच्या टाकीवरचा कावळा स्वच्छ दिसत होता.
वरती टायटेनियाचा पांढरा लेप.
समीनानं दिंडोरीच्या वायनरीतून
द्राक्षांच्या सालीचा चोथा आणला, डबाभर.
लेप रात्रभर त्यात बुडाला, सकाळी जांभळा.
प्रयोगशाळेला आंबूस वास;
शिपाई शिंदोडे दारातूनच नाक धरून परत.
दोन काचा, मध्ये आयोडीनचा थेंब,
दोन चिमटे.

गच्चीवर, अकरा वाजता,
मीटरवर चारशे बारा मिलिव्होल्ट.
समीना ओरडली. मी नाही ओरडले,
मी आकडा दोनदा लिहिला.

दुसऱ्या दिवशी शून्य.
जाळी होती तिथे फिकट पिवळा डाग,
हळदीचं बोट पुसल्यासारखा.
आयोडीननं चांदी खाल्ली होती, सगळी, आवाज न करता.

रात्री जेवताना सांगितलं.
दादा ताटातला भात सारत म्हणाले,
म्हणजे तू कल्हई न करता
तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलंस.

मी घास हातात धरून बसले.
उजेड अडवणार नाही अशी कल्हई
किती जाड असते, दादा?

ते उठले, हात धुतले.
मग अंधारातून आवाज आला:
ते तू ठोकून बघ.