एक तास उभी नळी

सकाळचे सात. पेडण्याच्या बाजारात
मासळीच्या पाट्या अजून उतरायच्या आहेत.
लॅबचं शटर अर्धंच वर केलंय मी,
आणि पायरीवर रुद्रेश तुळसकर,
डोळ्यांत रात्रीचं काजळ,
मानेवर सफेद्याचा एक ओघळ सुकलेला.
रात्री कोरगावच्या दशावतारात तो राणी होता.
आता माझ्या रजिस्टरात:
पुरुष, वय एकोणीस, उपाशीपोटी.

"माका न्हीद येता गे, बेगीन काड."

म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी दिलीय गोळी,
वीस मिलिग्रॅम, रात्रीच्या जेवणावर,
गालांवरच्या त्या गाठींसाठी,
ज्या झाकायला तो रंग फासतो
आणि रंग ज्यांना आणखी चिडवतो.
चिठ्ठीवर नेहमीचंच: लिव्हर, चरबी.
खाली पेनाने वेगळं ओढलेलं: सीआरपी, ईएसआर.
"रक्तात सूज किती, ते बघायचंय त्यांना."
"सूज तोंडार आसा, रगतांत कशी?"

कशी, ते मी सुई टोचता टोचता सांगते.
कुठेतरी पेटलं की यकृताला बातमी जाते,
यकृत गावभर दवंडी पिटतं.
आम्ही इथे बसून दवंडीचा आवाज मोजतो.
आग कुणाच्या घरात,
ते दवंडीत नसतं.

मग नळी स्टँडवर उभी करायची.
एक तास. हात लावायचा नाही.
मोपाचं विमान डोक्यावरून गेलं
की कपाटाच्या काचा थरथरतात
आणि मी उगाच नळीकडे बघते.
लाल आपल्या वजनाने खाली बसत जातं,
वर उरतं सुक्या गवताच्या रंगाचं पाणी.
किती मिलिमीटर, तेवढंच लिहायचं.

पहिल्या महिन्यात गाठी वाढल्याच.
गोळी आधी खवळवते, बाईंनी बजावलं होतं.
सीआरपी सात पॉइंट चार.
दुसऱ्या महिन्यात ओठ फाटले,
लालीत रक्त मिसळलं, आणि पुढच्या रांगेतल्या
म्हाताऱ्या म्हणाल्या, राणी आज काय शोभता!
सीआरपी तीन. चरबीची नळी मात्र पेजेसारखी दुधाळ.
"जेवला होतास?"
"नाटक सुटल्यार. पहाटे चारांक. खतखतें."
"उद्या परत ये."

तिसऱ्या महिन्यात गाल सपाट.
नाकपुडीशी एकच उरलेली, तीही वाळत आलेली.
आणि सीआरपी बावीस.
फ्लोरी म्हणाली, मशीन बिघडलं.
मी कंट्रोल लावला, परत चालवलं.
बावीस.

फोन केला. आला. एकाच पायात चप्पल.
टाचेत रंगमंचाच्या फळीचा खिळा,
तीन रात्रींमागचा; वर चाळ बांधून नाचत होता.
"सांगितलं का नाहीस?"
"राणी लंगडत चलता काय?"

धनुर्वाताचं इंजेक्शन, पू काढायला पाठवणं,
दुसरी गोळी चालेल का म्हणून बाईंना फोन,
त्यात माझी दुपार गेली.
आरशासारख्या त्या स्टीलच्या ट्रेमध्ये
माझाही चेहरा दिसतो, वाकले की.
माझ्या एकोणिसाव्या वर्षी आई जायफळ उगाळायची.
गोळी असेल तेव्हा कुठेतरी,
पेडण्यापर्यंत आली नव्हती.
माझं रक्त त्या वर्षी कुणी मोजलं नाही.
खड्डे आहेत. मोजायचे तर मोजता येतात.

चौथा महिना. एक पॉइंट एक.
रुद्रेश कागद उजेडात धरतो,
नोट खरी की खोटी बघावी तसा.
"म्हणजे आता भितर कांयच जळना?"

मी काही बोलत नाही.
प्रत्येक रिपोर्टाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते,
लक्षणांशी जुळवून पाहावे,
त्या ओळीखाली सही करते.
आज पार्शाला प्रयोग आहे, तो म्हणतो, ये गे.
पाय आता दोन्ही चपलांत.
जाताना खिशातून खोबरेल काढून
ओठांना लावतो, आरसा न बघता.

ईएसआरची नळी अजून उभी आहे.
वीस मिनिटं बाकी.